दहा दिवसांचे भरलेले रकाने

सकाळी साडेआठला मी कॉम्प्युटरसमोर उभी राहिले, तर कोपऱ्यातला हिरवा ठिपका लाल झाला होता.

लाल ठिपका म्हणजे गच्चीवरच्या यंत्राचं कॉम्प्युटरला काही ऐकू येत नाही. असं झालं तर काय करायचं, ते कर्णिक साहेबांनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. आधी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा. नाही झालं तर यूएसबीची वायर काढून परत लावायची. तरी नाही झालं तर कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. आणि शेवटची ओळ होती, मला फोन करा.

मी पहिल्या तिन्ही गोष्टी केल्या. ठिपका लालच. दर वेळी एक पांढरी चौकट यायची, तिच्यात इंग्रजीच्या दोन ओळी. मला अक्षरं ओळखता येतात, पण शब्द लागत नाहीत. मी त्या ओळी जशा दिसल्या तशा एका चिठ्ठीवर उतरवल्या. शेवटी तीनचा आकडा होता. तेवढाच मला समजला.

फोन मात्र मी केला नाही.

साहेब तेव्हा पुण्याला मुलीकडे होते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. जूनमध्ये त्यांना न्यायला आल्या तेव्हा अनघाताईंनी, म्हणजे त्यांच्या मुलीने, मला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं होतं, "वनिताताई, त्या मशीनसाठी बाबांना फोन नका करू हं. ते अंथरुणातून उठायला बघतात. काही असेल तर मला मेसेज करा." मी हो म्हटलं होतं. मला तसाही फोनवर बोलायचा धीर होत नाही. समोरून "हॅलो" आलं की माझं ठरवलेलं वाक्य पळून जातं.

नागावच्या पुढे समुद्राच्या अंगाला साहेबांचा बंगला आहे. नऊ वर्षं मी तिथे कामाला आहे. झाडलोट, जेवण, वाडीला पाणी सोडणं, आणि हवामान. साहेब आधी मुंबईत एका कारखान्यात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीत खांब उभा केला. त्यावर वारा मोजायच्या तीन वाट्या, त्या गरगर फिरतात. पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमान मोजायचं यंत्र. आणि एक काळं नरसाळं. नरसाळ्याखाली दोन बाजूंना दोन चमचे असलेली झुलती पट्टी आहे. एक चमचा पावसाने भरला की कलतो, सांडतो, आणि दुसरा वर येतो. किती वेळा कललं ते मोजलं की पाऊस किती ते कळतं. हे सगळं बिनतारी एका काळ्या डबीत येतं. डबी वायरने कॉम्प्युटरला जोडलेली. डबीला स्वतःचा पडदा नाही, त्यामुळे आकडे बघायचे तर कॉम्प्युटरवरच.

माझं काम म्हणजे तो कॉम्प्युटर चालू ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण खारी हवा सगळं खाते. वायरींच्या टोकांना हिरवं चढतं, ते महिन्यातून एकदा खोडरबराने घासायचं. पंख्यात धूळ आणि पाली. वीज गेली की यूपीएस किती वेळ ओरडतो त्यावरून अंदाज घेऊन कॉम्प्युटर नीट बंद करायचा, नाहीतर फाईल खराब होते. आणि रोज साडेआठला मागच्या चोवीस तासांचे आकडे वहीत उतरवायचे. पाऊस, सर्वांत जास्त तापमान, सर्वांत कमी तापमान, वाऱ्याचा जोर. उजवीकडे शेवटी शेऱ्याचा रकाना. साहेब गावाला असले की पानाचा फोटो काढून त्यांना पाठवायचा.

सगळं कॉम्प्युटरमध्ये जमा होत असताना वही कशाला, असं मला आधी वाटायचं. मागच्या वर्षी कळलं. पावसाळा संपता संपता जुना कॉम्प्युटर एका दुपारी बंद पडला तो उठलाच नाही. अलिबागला नेला. आतली हार्ड डिस्क, म्हणजे त्याची कोठी, गंजून गेली होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे सगळे आकडे गेले, कारण त्या वर्षीची कॉपी काढून ठेवायची राहिली होती. साहेब ओट्यावर डोकं धरून बसले. मग त्यांना वही आठवली. त्या चार महिन्यांचा एकही दिवस चुकला नव्हता. सगळे आकडे माझ्या अक्षरात होते.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे सुपारीला कोळेरोग आला होता. फळ देठाशी कुजतं आणि हिरवंच गळतं. शेजारच्या दामूकाकांच्या वाडीत खाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी सुपारी पडली. त्यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी असते, पण ती मोठा पाऊस लागायच्या आधी बसली पाहिजे. कधी मारायची, ते ज्याच्या त्याच्या अंदाजाने चालतं. शेतकी कॉलेजच्या एक मॅडम ह्यावरच काम करत होत्या. किती पाऊस किती दिवस सलग लागला की रोग येतो, ते शोधून त्या वाडीवाल्यांसाठी पुस्तिका काढणार होत्या. त्या साहेबांकडे आल्या. चार वर्षांचे आकडे कॉम्प्युटरवरून घेतले. पाचवं वर्ष, रोगाचं वर्ष, फक्त वहीत होतं.

त्यांनी पान न् पान उलटलं. "हे अक्षर कुणाचं?"

मी दाराआड होते. साहेब म्हणाले, "वनिताबाई, पुढे या."

"चार महिन्यांत एकही सुट्टी नाही?" मॅडमनी विचारलं.

"पाऊस पण नव्हता ना घेत," मी म्हटलं. कसं बोलून गेले माहीत नाही. दोघंही हसले.

मॅडम म्हणाल्या, "पुस्तिकेत तुमचं नाव घालणार मी. नोंदी ठेवणाऱ्या म्हणून."

"नको मॅडम," मी म्हटलं. पण घरी येऊन मालकांना सांगितलं. आमचे हे रेवसला भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर खलाशी आहेत. ते म्हणाले, "पुस्तकात नाव येनार म्हंजी आता जेवन मीच करायचा का?" आणि सगळ्या आळीत सांगून आले. दामूकाका तर रोज विचारायला लागले, "आलं का गो तुझं पुस्तक? फवारनी कवा मारायची ती लिवलंय ना त्यात?"

तर ह्या पावसाळ्यात, साहेब नसताना, ठिपका लाल झाला.

पहिल्या दिवशी मी बरोबर वागले. वहीत तारीख घातली आणि रकाने रिकामे ठेवले. फोटो पाठवला. अनघाताईंना मेसेज केला, "प्रोग्रॅम चालत नाही." अलिबागच्या राऊतांना फोन लावला. ते आमचं कॉम्प्युटरचं काम बघतात. ते म्हणाले, "ताई, गणपती तोंडावर आलेत. सगळ्या मंडळांचं डेकोरेशन, लायटिंग माझ्याच गळ्यात. जमलं की येतो." मी चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचून दाखवायला हवी होती. ते घाईत वाटले. मी "बरं" म्हटलं.

संध्याकाळी अनघाताईंचा आवाजी मेसेज आला. "वनिताताई, आज बाबांनी जेवण नीट घेतलं नाही. दहा वेळा विचारतायत, रकाने रिकामे का, पुन्हा कॉम्प्युटर गेला का. मी म्हटलं, होईल सुरू. तुम्ही तेवढं बघा ना काहीतरी."

मी तो मेसेज तीन वेळा ऐकला. काहीतरी बघा म्हणजे दुरुस्ती करून घ्या, एवढंच त्या म्हणत होत्या. मलाही तेच कळलं होतं. मी "हो ताई" लिहून पाठवलं.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. चार दाणे तांदूळ, एखादी सुपारी, काहीच नसेल तर साखरेची चिमूट, पण काहीतरी घालतात. रिकाम्या रकान्यांचा फोटो पाठवताना मला तसंच ओशाळं वाटलं होतं. आजारी माणसाला आपण रिकामं भांडं पाठवलं.

त्याच संध्याकाळी मी पोह्यांचा डबा रिकामा केला. पितळी, सरळ उभ्या कडांचा. साहेबांनीच कधीतरी सांगितलं होतं, भांडं केवढंही असू दे, कडा सरळ असल्या की आत साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. माझ्या मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. डबा बंगल्याच्या अंगणात उघड्यावर, माडांपासून लांब ठेवला. सकाळी पट्टी बुडवली. चोवीस मिलिमीटर. वहीत लिहिलं, २४.

इथपर्यंत ते काही वाईट काम नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात "डब्याने मोजला" एवढे दोन शब्द लिहिले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते. पण शेऱ्यात तसं लिहिलं असतं तर साहेबांना कळलं असतं की यंत्र बंदच आहे. मी रकाना कोरा सोडला.

पावसाचा आकडा भरल्यावर बाकीचे तीन रकाने जास्तच रिकामे दिसायला लागले. तापमान मी अंदाजाने लिहिलं. इतकी वर्षं रोज आकडे उतरवत होते. ऊन किती वेळ होतं, कपडे किती ओले राहिले, पहाटे चादर ओढावीशी वाटली का, ह्यावरून मला बरंच कळायचं. वाऱ्यासाठी ह्यांना विचारलं.

"आज धक्क्यावर वारा कसा होता?"

"धोक्याचा बावटा लावला होता. दुपारची लाँच सोडलीच न्हाय."

"म्हणजे किती?"

"किती म्हंजी? टोपी उडंल एवढा. का, वारा इकत घेनार हायस काय?"

टोपी उडेल एवढा म्हणजे मी ताशी चाळीस किलोमीटर लिहिले.

फोटो पाठवला. पुण्याहून अंगठा आला. मग अनघाताईंचा मेसेज, "थँक यू! बाबा खूश." मला खरंच बरं वाटलं. हे मी लपवत नाही.

असे दहा दिवस गेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मला लिहिताना काही वाटेनासं झालं. पाचव्या दिवशी मोठा पाऊस झाला. सकाळी बघते तर डबा आडवा. मांजराने पाडला की वाऱ्याने, कोण जाणे. आत घोटभर पाणी. मी दारात उभी राहून अंगणातलं पाणी बघितलं, विहिरीत डोकावले, आणि ४१ लिहिले. एकेचाळीसच का? चाळीस लिहिलं असतं तर बनावट वाटलं असतं म्हणून. हे मात्र मला तेव्हाच कळायला हवं होतं. आकडा खरा वाटावा म्हणून मी त्याला एक जोडला होता.

साहेब मोबाईलवर एक पान उघडून बघायचे. नवा कॉम्प्युटर आकडे नेटवर पाठवतो ते त्या पानावर दिसतात. ते पान अर्थात थांबलं होतं. अनघाताईंनी विचारलं, "वेबपेज का दिसत नाही?" मी लिहिलं, "नेट जातंय." त्या आठवड्यात नेट दोनदा गेलं होतं, खोटं नव्हतं. पण पान त्यामुळे थांबलं नव्हतं.

अकराव्या दिवशी राऊत आले. छत्री दारात ठेवली, खुर्ची ओढली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "एवढंच होय? ताई, हे मला फोनवर वाचून दाखवलं असतंत तर दोन मिनिटांत झालं असतं."

"काय झालंय?"

"विंडोजचं अपडेट आलंय आपोआप. डबीची वायर ज्या पोर्टला आहे, म्हणजे माहिती यायचं दार समजा, त्याचा नंबर होता तीन. अपडेटनंतर त्यानेच तो पाच करून टाकला. प्रोग्रॅम बसलाय तीन नंबरच्या दारात वाट बघत. पाव्हणे पाचमधून हाका मारतायत."

त्यांनी एक यादी उघडली, तीनच्या जागी पाच निवडलं, ओके दाबलं. ठिपका हिरवा झाला. चहाला आधणसुद्धा आलं नव्हतं.

मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात पडद्यावर ओळी धावायला लागल्या. भराभर, खालून वर. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, आकडे. तारखा मागच्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"मागचं उतरवून घेतंय. मागच्या वर्षी नव्या कॉम्प्युटरबरोबर बसवलेल्या ह्या डबीला स्वतःची मेमरी आहे ना. कॉम्प्युटर झोपला तरी ती महिनाभराचं साठवून ठेवते. तो जागा झाला की सगळं ओतते. तुमचा एकही दिवस गेला नाही बघा." ते खूश होऊन म्हणाले, "साहेबांना सांगा, नो लॉस."

मी चहा गाळायला आत गेले. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

ते गेल्यावर मी वही घेऊन बसले. एक एक दिवस लावून पाहिला. पहिल्या डब्याच्या दिवशी मी २४ लिहिले होते, यंत्राने २६. तापमान बहुतेक दिवशी अर्ध्या-एका अंशाच्या फरकाने बरोबर. ह्यांच्या टोपीचा वारा मी चाळीस लिहिला होता, यंत्राचा अडतीस. पाचव्या दिवशी माझे ४१. यंत्राचे ८८.

आणि पहिला दिवस, जो मी रिकामा सोडला होता, तो यंत्राकडून आता पूर्ण आला होता. त्या एका दिवसाच्या रकान्यांत खरे आकडे लिहायला जागा होती. बाकीच्या दहांमध्ये जागाच नव्हती.

मी त्याच वेळी पुण्याला कळवायला हवं होतं. अनघाताईंना दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी खरे आकडे लिहून फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी साहेबांचाच फोन आला. वेबपेज पुन्हा दिसायला लागलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी ते आणि माझे फोटो शेजारी ठेवून वाचले होते.

"वनिताबाई, तब्येत बरी आहे ना?"

"हो साहेब. तुमची?"

"चालतोय वॉकर घेऊन. एक विचारायचं होतं. त्या मोठ्या पावसाच्या दिवशी वहीत एकेचाळीस आहे. ते कुठून आलं?"

"डब्यातून."

"कसला डबा?"

"पोह्यांचा. पितळी."

ते हसले. "अहो, मग तसं लिहायचं नाही का! डबा चांगला असतो. मग कमी कसा भरला?"

"डबा पडला होता साहेब. मी अंदाजाने लिहिलं."

हसू थांबलं. "आणि तापमान?"

"अंदाजाने."

"वारा?"

"ह्यांना विचारून."

 मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "शेऱ्याचा रकाना आपण कशाला आखलाय?"

मी वही उघडून त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "तो एक दिवस सोडला तर आकडे फार चुकलेलेही नाहीत. खरं सांगायचं तर एवढे जवळ आहेत की यंत्राचे आले नसते तर मला जन्मात कळलं नसतं. हेच अवघड आहे ना. बरं, मला एक सांगा. मागच्या पावसाळ्यात असं कधी केलं होतं?"

"नाही साहेब. एकदाही नाही. देवाशपथ."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मॅडमना मी विश्वास नाही पाठवू शकत. त्यांना आकडे पाठवलेत, आणि त्या वर्षीचे आकडे पडताळायला दुसरं काहीच नाही. फक्त तुमची वही आहे. मला त्यांना हे कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हटलं. त्या दिवशी फोनवर माझं एकही वाक्य पळून गेलं नाही. पळालं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

मॅडम गणपतीनंतर स्वतः आल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला शेजारी बसवलं, मागच्या वर्षीची वही पुन्हा चाळली, मधेच एका पानावर बोट ठेवलं. "हा बघा, एकशे बारा. इथून सलग नऊ दिवस. ह्याच्यानंतरच गळ सुरू झाली असणार. मला हेच दाखवायचं होतं."

"ते खरे आहेत मॅडम. मी स्वतः पडद्यावरून उतरवलेत."

"मला माहीत आहे. पण कुणी मला विचारलं की ह्या बाईंनी कधी मनाने आकडे भरलेत का, तर मला हो म्हणावं लागेल. मग तो माणूस ही वही बाजूला ठेवेल, आणि मला पण त्याला काही बोलता येणार नाही." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "तुम्ही मोजत राहा. थांबू नका."

अलिबागला दुसरं कुठलं यंत्र आहे का, त्याचे आकडे चालतील का, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, मागवले होते. पण आपल्याकडे एका गावात धो धो आणि पलीकडच्या गावात कोरडं असं होतं. वाडीतल्या रोगाला वाडीतलाच पाऊस लागतो.

फाल्गुनात पुस्तिका आली. साहेब तोवर परत आले होते, काठी घेऊन चालत होते. दहा प्रती होत्या. मी एक हातात घेतली. मधल्या पानावर पाच वर्षांचा तक्ता होता. चार ओळी भरलेल्या. पाचव्या ओळीत वर्षाचा आकडा, पुढे आडव्या रेघा, आणि खाली बारीक अक्षरात, खात्रीलायक नोंदी उपलब्ध नाहीत. फवारणीच्या पानावर लिहिलं होतं की नेमका काळ ठरवायला आणखी काही वर्षांची माहिती लागेल. आभाराच्या पानावर साहेबांचं नाव होतं. माझं नव्हतं. त्याचं मला तितकं लागलं नाही. खोटं कशाला सांगू, लागलं. पण त्या आडव्या रेघा जास्त लागल्या.

साहेबांनी मला काढलं नाही. एक शब्द जास्त बोलले नाहीत. पण आता ते स्वतः काठी टेकत साडेआठला येऊन माझ्या मागे उभे राहतात. मी आकडा लिहिला की पडद्याकडे एकदा बघतात. आधी नव्हते बघत.

दामूकाकांकडे पुस्तिका मीच घेऊन गेले. ते ओटीवर सुपारी सोलत बसले होते. चष्मा लावला, तक्त्यावरून बोट फिरवत खाली आले आणि रेघांवर थांबले.

"आमचं साल कुठं हाय गो?"

"ते घेतलं नाही काका."

"न्हाय घेतलं? अगो, त्याच साली तर सगली वाडी बसली. म्हंजी माझी सुपारी गलली ती गललीच न्हाय म्हनायची?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पोह्यांचा डबा, एकेचाळीस, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुस्तिकेवर ठेवला.

"मंग यंदा फवारनी कवा मारू?"

"अंदाजाने," मी म्हटलं. 

यंत्राची कामं करणाऱ्या कुणी हे वाचलंच, तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पडद्यावर आलेली चूक समजत नसली तरी दुरुस्ती करणाऱ्याला ती अक्षर न् अक्षर वाचून दाखवावी, तो कितीही घाईत असला तरी. आणि यंत्र बंद असेल तर वहीत बंद लिहावं. बंद लिहिलं की एक दिवस कोरा जातो. मनाने भरला की तो दिवस जातोच, शिवाय आधी खरे लिहिलेले दिवसही सोबत जातात, आणि त्यातला एकही मागून परत आणता येत नाही.